ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरी मदत कुठून येते आणि कुठे अडते?

कुर्डुवाडीतून बोलतोय. मध्येच गाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, जंक्शनच्या गावात रेकॉर्डिंग म्हटलं की तो येणारच. ज्यांना ऐकायला निवांत वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथं लिहून देतोय.

आजचा विषय माझ्या घरातला आहे. माझा भाचा सहा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. तो चार वर्षांचा असताना हे कळलं. तेव्हा ताई एका पतसंस्थेत कामाला होती, पगार नऊ हजार. दाजी कापड दुकानात, पगार चौदा हजार. थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा सोलापूर गाठायचं, म्हणजे एका बाजूने ८० किलोमीटरच्या आसपास. दोन महिने ताईने रजा काढून ढकलले, तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडली. खर्च वाढला आणि तेव्हाच एक पगार बंद झाला. एका रात्री ती मला म्हणाली, "तू दिवसभर त्या मोबाईलमध्ये असतोस ना? मग बघ की, सरकार आपल्याला काही देतं का."

बघितलं. जे सापडलं ते एकेक करून सांगतो.

आधी कागद, मग पैसा

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले आणि त्यात स्वमग्नता आली. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरूनही भरता येतो, तपासणी मात्र सरकारी रुग्णालयात होते. त्यातूनच यूडीआयडी कार्ड मिळतं.

टक्के ठरवायला 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजरेला नजर देतो का, आवाजाने बिथरतो का, स्वतःला इजा करून घेतो का, असे. इथं आपण आई-बाप हमखास चुकतो. चारचौघांत मुलाचं चांगलं तेवढंच सांगायची आपल्याला सवय असते. ताईनेही तिथं "तसा शहाणा आहे हो" असंच सुरू केलं होतं. खोटं वाढवून सांगू नका, पण वाईट दिवसही लपवू नका. आठवडाभर रोजचं वहीत लिहा, जमलं तर मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ काढा आणि ते सोबत न्या.

एका ऑफिसात आम्हाला ऐकावं लागलं, "दिसायला तर चांगला धडधाकट आहे." ऑटिझम चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तर कागद लागतो.

महिन्याची रक्कम

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. आपल्याकडून चौकशी करायची ती माढ्याच्या तहसील कार्यालयात, कारण कुर्डुवाडी माढा तालुक्यात येते. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. म्हणजे महिन्याला ४,१६६. दाजींचा एकट्याचा पगारच वर्षाला १ लाख ६८ हजार होतो. आमचं घर तिथंच बाद झालं.

आता दुसरं टोक. आयकरात ८०डीडी नावाने ओळखली जाणारी वजावट आहे. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्याला ७५,००० रुपये आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा करता येतात. खर्च नेमका किती झाला याला महत्त्व नाही, रक्कम ठरलेली आहे. ऑटिझमसाठी ठरावीक वैद्यकीय फॉर्म लागतो. पण ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि मुळात कर भरावा लागत असेल तरच तिचा उपयोग. दाजींना करच बसत नाही.

लक्षात आलं का? मदतीसाठी आम्ही श्रीमंत आणि सवलतीसाठी गरीब. आपल्या गावातली किती तरी घरं याच मधल्या फटीत आहेत.

मधल्या घरांच्या हाती काय?

पहिली गोष्ट 'निरामय' आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. त्याखालच्या या विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्या घराला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. आधी वैद्यकीय चाचणी द्यावी लागत नाही आणि यात थेरपीचा खर्चही धरतात. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला वेगळी मर्यादा असते, म्हणून थेरपीची पक्की बिलं मागून घ्या. आम्ही पहिले सहा महिने साध्या चिठ्ठीवर पैसे दिले. ते गेलेच.

दुसरी गोष्ट प्रवास. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तीला स्लीपरला ७५ टक्के, मासिक पासाला ५० टक्के आणि सोबतच्या माणसालाही तेवढीच सवलत मिळते. गंमत म्हणजे रेल्वेच्या यादीत ऑटिझम असा वेगळा गट नाही. मुलाला बौद्धिक अक्षमताही असेल तर ती प्रमाणपत्रात नोंदली आहे का, हे तिथंच तपासून घ्या. आठवड्यातून दोनदा सोलापूर करणाऱ्या घराला त्या एका ओळीने महिन्याचा फरक पडतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नाही. नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, तिने उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. नाव नोंदवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रेल्वेतल्या घरांसाठी

आपल्याकडे वर्कशॉपमुळे रेल्वेतली घरं भरपूर आहेत, त्यांनी हे नीट वाचा. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पालक असलेल्या पुरुषांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते. एरवी मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच ती घेता येते, दिव्यांग मुलासाठी मात्र वयाची अट नाही. दुसरं त्याहून मोठं आहे. कर्मचाऱ्याचं मूल दिव्यांगत्वामुळे स्वतःची रोजीरोटी कमवू शकत नसेल, तर आई-वडिलांच्या मागे त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. "आमच्यानंतर याचं काय?" या प्रश्नाला यापेक्षा भक्कम उत्तर मला दुसरं सापडलं नाही. पण त्याचे कागद मागे राहिलेल्यांना शोधत बसायला लावू नका, नोकरीत असतानाच ऑफिसात कळवून ठेवा.

आणि ताईचा पगार?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं मुलाच्या नावाने आहे, नाहीतर कमावणाऱ्याच्या. ताईचे नऊ हजार गेले, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. आमच्या घरात थेरपीपेक्षाही मोठा खर्च हाच आहे, आणि त्याचं बिल कुणी फाडत नाही.

२०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्याच कलमात सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घातली आहे. केरळात 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे, त्यात सांभाळ करणाऱ्याला महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम छोटी आहे, पण घरी बसून सांभाळणं हेही काम आहे, एवढं तरी तिथं मान्य झालंय. आपल्याकडे हे मागायचं असेल तर आधी आपल्याच घरात ते काम म्हणून धरावं लागेल. आम्ही एवढंच केलं: घरखर्चाच्या वहीत ताईच्या नावापुढे नऊ हजार लिहायला लागलो. ते पैसे येत नाहीत, पण "ती काय, घरीच असते" हे वाक्य आमच्या घरात बंद झालं.

तर या आठवड्याचं काम एकच. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं मूल असेल, तर त्याच्या आईचा फोन मागून घ्या आणि स्वावलंबनचा अर्ज भरून द्या. अर्धा तास लागतो, तुम्हाला सवय आहे, तिला वेळ नाही.

पुढच्या भागात १८ वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाबद्दल बोलू. तोवर रामराम!