ट्रॅक्टर व जीप यांच्या तारांचे जोड : निवड, खरेदी व बसवणी

कापसाच्या वेचणीचा हंगाम आला म्हणजे खानदेशांतील रस्त्यांवर सायंकाळनंतर भरलेल्या ट्रॉल्यांची रहदारी वाढते. त्यांतील कित्येकांचे मागील दिवे बंद असतात. मालकास विचारावें तर कोणी बल्बास दोष देतो, कोणी बॅटरीस. दोन्ही बदलूनही अंधार कायम राहिला म्हणजे गाडी कारागिराकडे जाते, आणि तो कोठें तरी एक तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळून देतो. पंधरा दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. याचें मूळ बहुधा दोन तारा जेथें मिळतात त्या जोडांत असतें. हा जोड, ज्यास बाजारांत कपलर किंवा कनेक्टर म्हणतात, कसा ओळखावा, कोठून आणावा व कसा बसवावा, याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती आमच्या शेतकरी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. रात्रीं माल भरतांना उजेड हवा म्हणून पुष्कळजण ट्रॉलीवर ५५ वॅटचा एक दिवा लावितात. १२ व्होल्टांवर त्यांतून सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह वाहतो. वाटेंत एखादा गंजलेला जोड असून त्याचा विरोध अवघा पाव ओहम असला, तरी तेथेंच एक व्होल्ट खर्ची पडतो, दिव्याचा उजेड जवळजवळ एक चतुर्थांशानें घटतो, आणि चार वॅटांहून अधिक उष्णता भुईमुगाच्या शेंगेएवढ्या जागेंत उत्पन्न होत राहते. तापल्यानें पितळी पकड सैल होते, सैल झाली कीं अधिक तापते. अशा रीतीनें दोष आपोआप वाढत जातो. कापूस भरलेल्या गाडीच्या तारेंत ठिणगी उडणें म्हणजे काय, हें कापूस पिकविणारास सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात, व दुसरा पुढें जळगांवावरून जातो. त्यामुळें मोटारींच्या विजेचें काम करणारे कारागीर या भागांत दुर्मिळ नाहींत. अडचण येते ती जुन्या गाडीची. जीपगाड्यांची जुळणी मुंबईस १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. महायुद्धांतील विलीज जीप ६ व्होल्टांची होती, पुढील गाड्या १२ व्होल्टांच्या आल्या. अशी गाडी ज्यांनीं जतन केली आहे, त्यांस तिचें मूळ वायरिंग तयार मिळणें कठीण. सर्व तारा नव्यानें ओढून जोडांची जमवाजमव स्वतःच करावी लागते. जुन्या ट्रॅक्टरांचीही हीच गत होय.

जोड आणावयास रिकाम्या हातानें जाऊं नये. गट क्रमांक न सांगतां तलाठ्याकडे सातबाराचा उतारा मागणें आणि नमुना न नेतां कपलर मागणें, हीं दोन्ही सारखींच. जुना जोड वीतभर तार ठेवून कापावा व सोबत न्यावा. त्याच्या कवचावर बहुधा बारीक अक्षरांत कारखान्याची खूण व क्रमांक असतो. तो वाचून वहींत उतरून घ्यावा. क्रमांक नसल्यास आंतील चपट्या पात्याची रुंदी मोजावी. मोटारींत सामान्यतः २.८, ४.८, ६.३ व ९.५ मिलिमीटर हीं मापें आढळतात; यांपैकीं ६.३, म्हणजे पाव इंची, फार प्रचारांत आहे. नंतर पात्यांची संख्या, मांडणी, व कुलुपाची जीभ कोणत्या बाजूस आहे, हें पाहावें. चार पात्यांचे दोन जोड दिसण्यांत सारखे असूनही एकमेकांत बसत नाहींत.

पाव इंची टोकें, त्यांचीं कवचें, फ्यूज व रबरी ग्रोमेट हा नित्याचा माल जवळच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानीं पाहावा. विशिष्ट गाडीचा जोड प्रथम त्या कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारावा. सुटा जोड न देतां तो संपूर्ण हार्नेसच घेण्यास सांगूं लागल्यास, त्याच जातीच्या भंगारांत निघालेल्या गाडीचा जोड तारेसह कापून आणणें हा दुसरा मार्ग. यांत नर व मादी असे दोन्ही भाग हातीं येतात. पाणी व धूळ शिरूं न देणारे वेदर-पॅक, सुपरसील व डॉइच या जातींचे जोड मोठ्या बाजारांतून मागवावे. मुंबईस ऑपेरा हाउसच्या भागांत मोटारींचे सुटे भाग, लोहार चाळींत तारा व थिंबल, आणि लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक भाग मिळतात. पुण्यास तपकीर गल्ली आहे. मोबाईलवरून मागवावयाचें तर क्रमांक पक्का झाल्याखेरीज मागवूं नये.

जोड घेतांना कवच, पितळी टोकें, रबरी सील व कुलूप हीं सर्व एकाच जातीचीं घ्यावीं, व टोकें चार-सहा जास्त घ्यावीं, कारण एकदां दाबलेलें टोक पुन्हां उपयोगी पडत नाहीं. खरेदीस जातांना लहानसें चुंबक खिशांत असावें. चांगलें टोक पितळेचें अगर तांब्याचें असून त्यावर कल्हई असते. साध्या टोकास चुंबक चिकटलें तर आंत लोखंड आहे असें समजावें. तार मोटारीच्या कामाचीच घ्यावी. भारतीय मानक २४६५ हें अशा तारांसाठींच आहे. घराच्या वायरिंगची एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्यानें मोडते.

टोक तारेवर दाबण्याची स्वतंत्र पक्कड असते. डाख न देतां नुसत्या दाबानें टोक बसविण्याच्या कामासाठींच अमेरिकेंत १९४१ सालीं एएमपी ही कंपनी निघाली. विमानें व जहाजें यांच्या तारांसाठीं ही युक्ति प्रथम वापरांत आली. अशा टोकास दोन पकडी असतात : एक तांब्यास धरते, दुसरी वरील आवरणास धरून हादरा सोसते. साध्या पकडीनें चेपलेलें टोक वरून ठीक दिसतें, पण हलकेंच ओढतां निसटतें. म्हणून प्रत्येक टोक ओढून पाहिल्याशिवाय कवचांत घालूं नये.

ट्रॉलीसाठीं सात टोकांचें सॉकेट येतें. त्याच्या आंतरराष्ट्रीय क्रमाप्रमाणें १ पिवळी तार डाव्या इशाऱ्याची, २ निळी मागील धुक्याच्या दिव्याची, ३ पांढरी अर्थची, ४ हिरवी उजव्या इशाऱ्याची, ५ तपकिरी उजव्या मागील दिव्याची, ६ तांबडी ब्रेकची, व ७ काळी डाव्या मागील दिव्याची. येथें एक मोठा घोटाळा संभवतो. ब्रिटिश धर्तीच्या जुन्या वायरिंगमध्यें काळी तार अर्थची, व पांढरी चावी फिरविल्यावर जिवंत होणारी असते. ट्रॉलीची पांढरी तार ट्रॅक्टरच्या पांढरीस जोडली, तर चावी फिरवितांच फ्यूज जळेल; आणि फ्यूज नसेल तर तारच जळेल. सबब रंगावर न विसंबतां प्रत्येक तार तपासणीच्या दिव्यानें पाहावी, व बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत फ्यूज अवश्य बसवावा.

चांगली दाबपक्कड एकट्या शेतकऱ्यास महाग वाटेल. पण गांवांतील आठ-दहा ट्रॅक्टर-मालकांनीं मिळून एक घेतली, अगर विकास सोसायटीनें ती ठेवून सोबत नित्याच्या जोडांची एक पेटी बाळगली, तर कोणासही भार वाटणार नाहीं. पहिली गाडी कापूस घेऊन निघण्यापूर्वीं हें काम उरकून घ्यावें. दिव्यावांचून रस्त्यावर गेलेली ट्रॉली आपल्या मालाला व मागून येणाऱ्या परक्याच्या जिवालाही धोका करते, आणि तो धोका टाळण्यास लागणारी वस्तु मुठींत मावण्याएवढी असते.