मुंबई उच्च न्यायालयाची वास्तू
मुंबईतील ओव्हल मैदानाच्या पूर्वेस असलेली व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतील न्यायालयीन वास्तू. उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. तथापि प्रारंभीचे कामकाज अपोलो स्ट्रीटवरील जुन्या इमारतीत चाले. नव्या वास्तूचा आराखडा लष्करी अभियंते जे. ए. फुलर यांनी केला. १८७१ मध्ये आरंभिलेले बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्यास १६,४४,५२८ रु. खर्च आला. तो मूळ अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी होता, ही गोष्ट सरकारी बांधकामांत विरळाच.

ही दगडी इमारत सु. १७१ मी. लांब व ५७ मी. रुंद असून मधल्या मनोऱ्याची उंची सु. ५३ मी. आहे. टोकदार कमानी, लांबलचक सज्जे व तीव्र उताराची छपरे ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. पश्चिमेकडील दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. दयेला न्यायाच्या बरोबरीने स्थान देणारी ही योजना अर्थपूर्ण आहे.

खरे कुतूहल मात्र आतील स्तंभांवरील कोरीवकामाविषयी आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड आणि वकिली गळपट्टा ल्यालेला कोल्हा ही त्यांतील प्रसिद्ध शिल्पे. दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने असा सूड उगवला, अशी आख्यायिका आहे. तथापि युरोपातील गॉथिक शिल्पकारांनी खुद्द चर्चवास्तूंवरही अशी उपरोधिक प्राणिचित्रे कोरलेली आढळतात. तेव्हा या शिल्पांचे मूळ व्यक्तिगत वैरापेक्षा त्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

वास्तूतील सर्वांत बोलका भाग अलंकरणाचा नव्हे, तर अक्षरांचा आहे. जुलै १९०८ मध्ये येथील मध्यवर्ती न्यायकक्षात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षेपूर्वी टिळकांनी काढलेले उद्गार कोरलेला संगमरवरी फलक त्याच कक्षाबाहेर लावण्यात आला. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी त्याचे अनावरण केले. न्यायालयाने आपणच दोषी ठरविलेल्या आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर सन्मानाने वागवावेत, असे क्वचितच घडते.

२०१८ मध्ये परिसरातील अन्य वास्तूंसह या इमारतीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सोलापूर जिल्ह्यातील अपिले पूर्वी येथेच चालत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्यावर सोलापूरसह सहा जिल्ह्यांचे काम तिकडे वर्ग झाले.