यंत्र आणले, पण उस्तादाला विचारले का?

चिपळूणजवळ आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा सुतारकामाचा कारखाना आहे. मालक बारा वर्षे कुवेतमध्ये फोरमन होते. गावी परतल्यावर त्यांनी बँकेचे कर्ज काढून सीएनसी राउटर घेतला. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी हे यंत्र लाकडावर जशीच्या तशी कोरते. हाताने चार दिवस लागणारे काम दुपारच्या जेवणाआधी उरकते. यंत्रामुळे कंत्राटही मोठे मिळाले, एका गृहसंकुलाचे साठ दरवाजे. मुलाने कॉम्प्युटरवर वेळापत्रक आखले आणि ऐन पावसाळ्यात, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी, माल पोचता झाला.

पाऊस सरला, ऊन लागले आणि दरवाजे पिळवटू लागले. सांधे उघडले, काही तर चौकटीत बसेनात. लाकूड पुरते वाळलेलेच नव्हते. बिल्डरने पैसे अडवले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

याच कारखान्यात तीस वर्षे रंधा मारणारे एक उस्ताद आहेत. आम्ही त्यांना विचारले, "चाचा, लाकूड ओले आहे हे तुमच्या ध्यानात आले नाही?"

ते म्हणाले, "हात लावल्याबरोबर आलं होतं. पण कागद कॉम्प्युटरातून निघालेला. मला विचारलं कुणी?"

आजकाल ज्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात, त्याचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे. ठरलेले काम ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पैशांत पुरे करणे हा त्याचा सरळ अर्थ. आपले ठेकेदार आणि कारखानदार ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, फक्त ते कागदावर मांडत नव्हते. मांडण्याचे शास्त्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाले. ड्यूपाँ या रसायन कंपनीने आपल्या कारखान्यांसाठी सीपीएम ही पद्धत काढली, तर अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट. दोन्हींतले मर्म एकच. शंभर कामांपैकी सर्वांना उशीर झाला तरी सारखे बिघडत नाही. काही मोजकी कामे एकामागून एक अशी साखळीत असतात की त्यांतले एक अडले की सगळा प्रकल्प अडतो. बिजागऱ्या चार दिवस उशिरा आल्या तर चालते. लाकूड वाळायला महिना हवा असेल तर तो महिना टळत नाही. ही साखळी शोधायची आणि नजर तिच्यावर ठेवायची.

आता हे गणित फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होते, आणि ते आपल्या मुलांनी शिकलेच पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. लेखी वेळापत्रक जोडता आले नाही म्हणून आपल्या कितीतरी चांगल्या कारागिरांचे टेंडर पहिल्याच चाळणीत बाद होते. परंतु साखळी कुठे अडली एवढेच कॉम्प्युटर दाखवतो. ती सोडवायची कशी, हे बहुधा अशा माणसाला ठाऊक असते ज्याचे नाव कॉम्प्युटरमध्ये नसते.

याचा एक दाखला आपल्या देशातच घडला आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरमच्या बाजूला भयंकर चक्रीवादळ आले. धनुष्कोडी गाव उद्‌ध्वस्त झाले, उतारूंनी भरलेली आगगाडी समुद्राने गिळली. रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, १९१४ साली सुरू झालेला पांबनचा रेल्वे पूलही मोडला. सुमारे दोन किलोमीटरच्या या पुलाचे जवळपास सव्वाशे गर्डर लाटांनी वाहून नेले. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले आणि काम ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन या इंजिनियरवर सोपवले.

येथे अडलेली कडी म्हणजे गर्डर. खांब उभे होते, पण त्यांवर ठेवायचे काय? नवे गर्डर बनवायचे वा दूरदूरहून गोळा करून आणायचे, तर महिने त्यातच जाणार. अशा वेळी एका मच्छीमाराने खबर दिली, वाहून गेलेले गर्डर समुद्रात अमुक ठिकाणी पडले आहेत. वेळापत्रकाच्या कोणत्याही तक्त्यात ही ओळ नव्हती. श्रीधरन यांनी ती ऐकली आणि योजनाच फिरवली. नवे गर्डर आणण्याऐवजी बुडालेले वर काढायचे ठरले.

आणि ते काढले कोणी? त्यात मोठा हात होता मलबारच्या मापिला खलाशांचा, ज्यांना आपण मोपला म्हणतो. कालिकतजवळच्या बेपूर बंदरात लाकडी जहाजे बांधून पाण्यात ढकलणारी ही मुसलमान कामगारांची जमात. दोर, कप्प्या, लाकडी वासे, हाताने फिरवायचे रहाट आणि एका तालात म्हणायची गाणी, एवढीच त्यांची यंत्रसामग्री. कुठला दोर कधी ओढायचा आणि कधी ढिला सोडायचा हे त्यांचा मुकादम, म्हणजे मूप्पन, हाळी देऊन ठरवतो. १९८८ साली केरळात पेरुमनजवळ आगगाडी अष्टमुडी तलावात कोसळली, तेव्हाही डबे वर काढायला हेच खलाशी कामी आले होते. पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा सुरू झाला. श्रीधरन यांना रेल्वेमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. त्या मच्छीमाराचे नाव मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि खलाशांची नावेही नाहीत. हाताच्या हुन्नराची नोंद कागदावर नसली की असेच होते.

चिपळूणवरून जाणारी कोकण रेल्वे याच श्रीधरन यांच्या हाताखाली बांधली गेली. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, ९२ बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. येथे तंत्रज्ञानात कसूर नव्हती. कठीण खडकासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रे आणली. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल बांधताना तुळई एका टोकाला ओतून पुढे पुढे सरकवत नेण्याची पद्धत वापरली. पण व्यवस्था पाहा. मार्गाचे सात भाग करून प्रत्येकावर एक मुख्य इंजिनियर नेमला आणि निर्णयाचे अधिकार त्याच्याच हाती दिले. फाईल घेऊन बेलापूरला धावायचे काम नव्हते. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे कार्यालयांत लावली, म्हणजे शिपायालाही कळावे की किती उरले. सुमारे ४३ हजार जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. त्यासाठी नोटिसा धाडून न थांबता अधिकारी लोकांच्या दारी गेले. त्या जमीनमालकांत आपल्या कोकणी मुसलमान बांधवांची घरेही होती.

तरीही पाच वर्षांचे काम सात वर्षांवर गेले. गोव्यात मार्गावरून आंदोलन झाले. पेडण्यासारख्या बोगद्यांत माती इतकी भुसभुशीत व ओली निघाली की खणलेले पुन्हा भरून येई. तेथे यंत्राचा उपयोग नव्हता, हातानेच इंचाइंचाने पुढे जावे लागले. सलग वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. या मार्गावर ७४ जणांनी प्राण गमावले. उलट्या घड्याळाचे कौतुक करताना हा आकडा झाकू नये. तारखेची घाई शेवटी कोणाच्या अंगावर येते, हे मालकाने आधीच मोजायला हवे.

आपल्या दहा-वीस कामगारांच्या कारखान्याला यातले काय घेता येईल? आमच्या मते सकाळची दहा मिनिटे. काम सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी उभ्याउभ्या बोलावे: आज काय करायचे, काल काय अडले. पहिले बोलायचे ते शागीर्दाने आणि शेवटी मालकाने. उलट केले की कोणी तोंड उघडत नाही. मशवऱ्याची रीत आपल्याला परकी नाही, ती जमातखान्यात ठेवून कारखान्यात विसरतो इतकेच. दुसरे, वेळापत्रकात प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव हवे आणि 'हे काम थांबवा' म्हणण्याचा हक्क त्याला हवा. मजुरीबद्दल काय सांगावे? घाम वाळण्यापूर्वी देण्याची ताकीद प्रत्येकाला पाठ आहे. ज्याची तीन आठवड्यांची मजुरी थकली आहे तो लाकूड ओले असल्याचे सांगायला पुढे येणार नाही.

चिपळूणच्या मालकांनी आता लाकडाचा ओलावा मोजायचे मीटर आणले आहे आणि ते चाचांच्या हाती दिले आहे. चाचा आधी अंगठा दाबून आकडा सांगतात, मग मीटर लावतात. मुले पैज लावतात आणि बहुतेक हरतात. मुलाने वेळापत्रकात एक रकाना वाढवला आहे: 'लाकूड पास – चाचा'. तो भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. बिल्डरकडचे पैसे मात्र अजून सुटलेले नाहीत.