पाण्यातला पारा: ‘बीडीएल’ या शेऱ्यामागे

कोडाईकनालचा आकडा

तमिळनाडूतल्या कोडाईकनालला 1980 च्या दशकात अमेरिकेतून हलवलेला थर्मामीटरचा कारखाना सुरू झाला. पारा लागलेल्या फुटक्या काचा गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्या, बोंब झाली आणि 2001 मध्ये कारखाना बंद पडला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद इथल्या प्रयोगशाळेने कोडाई तलावाचं पाणी तपासलं. 2006 साली छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात लिटरमागे 356 ते 465 नॅनोग्रॅम पाऱ्याची नोंद आहे.

आता हा आकडा भारतीय मानकाशेजारी ठेवा. आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.001 मिलिग्रॅम, म्हणजे 1000 नॅनोग्रॅमपर्यंत पारा चालतो. म्हणजे पाऱ्यापुरतं बोलायचं तर कोडाईचं पाणी पास! ज्या लॅबची पद्धत 1000 च्या खाली पाहूच शकत नाही, तिने याच पाण्यापुढे ‘बीडीएल’ असा शेरा मारला असता. बीडीएल म्हणजे ‘आमच्या मोजमापाच्या मर्यादेखाली’. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘पारा नाही’ असा लावतो.

इतकं बारीक का मोजायचं

नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ताप बघायच्या जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असे. तेवढा पारा पन्नास कोटी लिटर पाण्यात सारखा मिसळला, तर लिटरमागे एक नॅनोग्रॅम भरतो. खुल्या समुद्रात सहसा त्याहूनही कमी सापडतो.

एवढ्याशा पाऱ्याची दखल घ्यायची ती माशांसाठी. तळच्या गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल मर्क्युरी करतात. ते शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि तिथून मोठ्या माशांत साठत जातं. मोठ्या माशाच्या अंगातलं त्याचं प्रमाण भोवतीच्या पाण्याच्या लाखो पट होऊ शकतं. जपानमधल्या मिनामाताचा आजार 1956 मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. तिथल्या लोकांना विषबाधा झाली ती खाडीतले मासे आणि शिंपले खाऊन.

बाटली आणि हात

अशा पातळीवर खरी कसोटी लागते ती नमुना घेणाऱ्याची. साधी पॉलिथिनची बाटली चालत नाही. पाऱ्याची वाफ तिच्या भिंतीतून आत-बाहेर करते, शिवाय पाण्यातला पारा भिंतीला चिकटून बसतो. म्हणून आम्लाने धुतलेली टेफ्लॉनची किंवा काचेची बाटली वापरतात आणि ती दोन पिशव्यांत बंद करून नेतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची 1669 क्रमांकाची पद्धत हे काम दोघांत वाटून देते. एकाचे हात ‘मळके’, तो बाहेरची पिशवी उघडतो आणि बाकीची उचलठेव करतो. दुसऱ्याचे ‘स्वच्छ’, तो आतली पिशवी उघडून बाटली काढतो, भरतो, झाकण लावतो आणि दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. दाढेत चांदीचं फिलिंग असलेल्याने उघड्या बाटलीवर श्वास सोडू नये, अशीही ताकीद असते. हा सोवळेपणाचा अतिरेक वाटेल, पण त्या फिलिंगमध्ये जवळजवळ निम्मा पारा असतो आणि त्याची वाफ श्वासातून येते.

यंत्रात काय घडतं

त्याच संस्थेची 1631 क्रमांकाची पद्धत लिटरमागे 0.2 नॅनोग्रॅमपर्यंत पारा ओळखते. आधी नमुन्यात ब्रोमीन मोनोक्लोराइड घालतात. पारा कोणत्याही रूपात असो, ते त्याला एकाच विद्राव्य रूपात आणतं. पाण्याला आलेली पिवळी छटा टिकली, तर ते पुरेसं पडलं असं समजतात. छटा गेली तर अजून घालायचं. मग हायड्रॉक्सिलअमाइन घालून उरलेलं ब्रोमीन-क्लोरीन मारतात, नाहीतर ते पुढच्या टप्प्यातलं सोनं निकामी करतं. त्यानंतर स्टॅनस क्लोराइड पडलं की पारा धातुरूपात येतो आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्याबाहेर पडतो.

वाटेत सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूची नळी असते. पारा सोन्याला धरून बसतो, बाकीचे वायू निघून जातात. नळी तापवली की साठलेला पारा एकदम सुटतो, दुसऱ्या तशाच नळीत अडकतो, तिथून पुन्हा सुटतो आणि आर्गॉनबरोबर मापनकक्षात पोचतो. तिथे 253.7 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाऱ्याचे अणू उजळतात. त्या उजेडावरून पारा किती ते कळतं. इथे आर्गॉनच हवा, कारण हवा किंवा नायट्रोजन शिरला तर हा उजेड मंदावतो.

ब्लँकची राखण

यंत्र कितीही तल्लख असलं तरी ते नमुन्यातला पारा आणि बाहेरून शिरलेला पारा यांत फरक करत नाही. म्हणून लॅबमधलं शुद्ध पाणी बाटलीत भरून तलावापर्यंत नेतात, तिथे ते दुसऱ्या बाटलीत ओततात आणि परत आणून नमुन्यासारखंच तपासतात. या फील्ड ब्लँकमध्ये पारा निघाला, तर त्या फेरीतल्या कमी आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. समुद्राच्या पाण्याचे जुने आकडे असेच फुगलेले होते. कनेक्टिकट विद्यापीठाचे विल्यम फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वच्छतेचे कडक नियम पाळून मोजणी केली, तेव्हा आकडे झपाट्याने खाली आले. समुद्र होता तसाच होता.

उलट धोकाही असतो. कारखान्याच्या सांडपाण्याचा एखादा जोरदार नमुना न सांगता यंत्रात गेला, की नळ्या आणि वाळू माखतात आणि पुढच्या नमुन्यांत तोच पारा दिसत राहतो. म्हणून अनुभवी लॅब आधीच विचारते, पाणी कुठलं आहे?

अहवाल हाती आल्यावर

बीडीएल दिसलं तर त्यापुढे मर्यादेचा आकडा छापलाय का ते बघा. नसेल तर मागून घ्या. पिण्याच्या नळासाठी 1000 च्या बऱ्याच खाली, म्हणजे शंभरेक नॅनोग्रॅमची मर्यादा पुरते. मासेमारीच्या तलावासाठी ती एकाच्या आसपास हवी. फील्ड ब्लँकचा निकालही मागा. पाणी गाळून तपासलं की न गाळता, हेही विचारा. पावसाळ्यात बराचसा पारा गाळाच्या कणांना चिकटून वाहत येतो आणि गाळलेल्या नमुन्यात तो मोजलाच जात नाही.