दगडावरचा तपकिरी थर

हैदराबादचा हुसेनसागर असो वा गावचं तळं, काठच्या ओल्या दगडावरून बोट फिरवलं की तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागतो. त्यात बहुतेकदा डायटम असतात. हे एकपेशीय शैवाल; अंगावर सिलिकाचं कवच. डब्यावर झाकण बसावं तशी कवचाची दोन अर्धुकं एकमेकांत बसतात.

यातली एखादी जात नवी, हे ठरतं कसं?

नमुना आम्लात उकळला की पेशीचा मऊ भाग निघून जातो, कवच शाबूत राहतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या रेघा आणि छिद्रांची मांडणी तपासून जगभरच्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहतात. खरी चिकाटी इथेच लागते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना पूर्व आणि पश्चिम घाटांतल्या नद्यांत असाच एक वेगळा डायटम गवसला. त्याच्या भाईबंदांत सूक्ष्म छिद्रांचा पट्टा कवचाच्या पायाकडच्या टोकालाच असतो. इथे तो दोन्ही टोकांना होता. त्यातून नवी जातच नव्हे, ‘इंडिकोनेमा’ हा अख्खा नवा जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट, मांडला गेला. इतक्या बारकाव्याला इतकं वजन आहे!

नाव ग्राह्य ठरायला वर्णनासोबत चित्र आणि जपून ठेवलेला आदर्श नमुनाही लागतो. हे वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच लिहावं लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालतं.