रत्नागिरीत घर घेताना : आधी वस्ती, मग कागद, शेवटी भाव

कोकणातील मुस्लिम घरांपैकी बहुतेक घरांतील एखादा तरी माणूस मुंबईला किंवा आखातात नोकरीला असतो. पंधरा-वीस वर्षे तेथे राबून तो चार पैसे गाठीला बांधतो. गावाकडचे घर वडिलोपार्जित असते, त्यात भावांचे हिस्से असतात. मुलांना चांगली शाळा-कॉलेज मिळावे, म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखाना जवळ असावा, म्हणून तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घर पाहू लागतो. व्यापारात एक सौदा बुडाला तर दुसऱ्यात भरून निघतो. घराचा सौदा बुडाला तर उभ्या आयुष्याची हलाल कमाई जाते. म्हणून या पानावर आम्ही आज घरखरेदीचा विषय घेतला आहे. उदाहरणासाठी रत्नागिरी शहर घेतले असले, तरी यातील बहुतेक गोष्टी चिपळूण, महाड किंवा मिरजेलाही लागू पडतील.

एक शहर, अनेक वस्त्या

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नगर परिषदेची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. एवढ्याशा शहरात वस्त्यांचे प्रकार मात्र अनेक आहेत. मिरकरवाडा आणि राजिवडा या समुद्र व खाडीकाठच्या जुन्या दाट वस्त्या. तेथे मासेमारीशी जोडलेली कुटुंबे आहेत, घराला घर लागून आहे. मारुती मंदिर, जयस्तंभ हा दुकाने, दवाखाने, कचेऱ्यांचा भाग. कोकणनगर, उद्यमनगर येथे नोकरदार आणि आखातातून आलेल्या कुटुंबांनी बांधलेली घरे दिसतात. रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव या बाजूंना वस्ती वाढत गेली.

या प्रत्येक ठिकाणी घराची किंमत वेगळी आणि अडचणही वेगळी. बंदराजवळ घर घेतले तर कामधंदा दाराशी, पण गाडी ठेवायला जागा नाही. स्टेशनच्या बाजूला मोकळी हवा मिळते, पण मुलांना शाळेत आणि वडिलांना पाच वेळच्या नमाजाला नेण्यासाठी वाहन लागते. रोजच्या रिक्षाचा खर्च वर्षाचा काढून पाहिला, तर स्वस्त घेतलेले घर पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

‘आधी शेजारी पाहा, मग घर’ अशी अरबीत म्हण आहे. आपल्यात तिचा अर्थ ‘आपल्याच लोकांत घर घ्या’ एवढाच घेतला जातो. मशीद, मदरसा, नातेवाईक जवळ असावेत ही इच्छा रास्त आहे. परंतु सर्वांची मागणी दोन-तीन मोहल्ल्यांवरच पडली की तेथील भाव चढतात, आणि विकणारा ओळखीचा म्हणून कागदही कोणी मागत नाही. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण कमी खात्री विकत घेतो. चांगला शेजार मिश्र वस्तीतही मिळतो. काही शहरांत सोसायट्या आपल्या लोकांना घर नाकारतात, हे खरे आहे. पण महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. तेव्हा न विचारताच माघार घेऊ नये.

पावसात एकदा, उन्हाळ्यात एकदा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तरी मे महिन्यात पाण्यासाठी धावाधाव होते. शहराला मुख्यतः शीळ धरणाचे पाणी येते. घर पाहायला आपण बहुधा रजेत, दोन-चार दिवसांसाठी येतो आणि त्याच दिवसांत निर्णय घेतो. आमचे सांगणे असे की, जागा एकदा भर पावसात आणि एकदा मे महिन्यात पाहावी. स्वतःला जमत नसेल तर घरातील जाणत्या माणसाला पाठवावे. पावसात रस्त्यावर पाणी किती साचते, भिंतीला ओल कुठून येते हे दिसते. उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहते काय, नळ किती वेळ येतो हे कळते. ही माहिती विकणाऱ्याकडून न घेता शेजारच्या घरातील बायकांकडून घ्यावी.

आपल्याकडे जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झटकन झिरपते. म्हणून स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, हे जरूर पाहावे.

हद्द कोणाची?

शहराचे नाव एकच असले तरी नगर परिषदेची हद्द कुठेतरी संपते आणि ग्रामपंचायतीची सुरू होते. पाणी, गटार, कचरा, घरपट्टी, बांधकाम परवाना, मुद्रांक शुल्क हे सारे हद्दीप्रमाणे बदलते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा.

समुद्र किंवा खाडीकाठच्या जागेला आणखी एक प्रश्न आहे. १९९१ च्या अधिसूचनेपासून किनाऱ्यालगतच्या बांधकामावर सी.आर.झेड.चे निर्बंध आहेत. २०११ आणि २०१९ साली नियम बदलले, निर्बंध उठले नाहीत. जुने घर पाडून नवे बांधू म्हणून घेतले आणि परवानगीच मिळाली नाही, असे होऊ शकते.

जागा सरकारी तर नाही, हेही पाहावे. मिरकरवाडा बंदरात मत्स्यव्यवसाय खात्याच्या जागेवरील अनधिकृत बांधकामे जानेवारी २०२५ मध्ये पाडण्यात आली. आपल्यातील पुष्कळांचा समज असा की, घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल आपल्या नावे आहे म्हणजे घर आपले. हा समज चुकीचा आहे. ती पावती कर भरल्याची असते, मालकीची नसते.

वक्फ मालमत्तेबाबतही सावध राहावे. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या लगतची जागा कोणी ‘मुतवल्लीच्या संमतीने’ विकत असेल तर हात आखडता घ्यावा. वक्फची मालमत्ता खाजगी घरासाठी विकण्याचा अधिकार मुतवल्लीला नाही.

कागद कोणते?

गावठाण किंवा शहर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी, इतर ठिकाणी सातबारा व त्यावरील सर्व फेरफार. जमीन बिनशेती आहे काय, आणि ती कुळकायद्याने मिळालेली आहे काय, हे त्यातून समजते. कुळकायद्याच्या जमिनीच्या विक्रीला अटी असतात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. परदेशस्थ भारतीयालाही घर घेता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात मागील ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी घराच्या किंमतीपुढे नगण्य असते.

‘साठेकरार आणि मुखत्यारपत्र करून देतो, खरेदीखत नंतर पाहू’ असे कोणी म्हणाले तर थांबावे. मुखत्यारपत्रावर झालेल्या अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

फ्लॅट घेत असाल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा अधिक सदनिका असतील तर ही नोंदणी बंधनकारक आहे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावे.

भावाची तुलना चटई क्षेत्रावर करावी. एक उदाहरण घेऊ. पहिला फ्लॅट ८०० चौरस फूट सांगितला, दर ४,००० रुपये, किंमत ३२ लाख. प्रत्यक्ष चटई क्षेत्र ५६० फूट. म्हणजे खरा दर ५,७१४ रुपये. दुसरा ७२० फूट, दर ४,३०० रुपये, किंमत ३० लाख ९६ हजार. चटई क्षेत्र ५७६ फूट, खरा दर ५,३७५ रुपये. दर जास्त सांगितलेला फ्लॅटच स्वस्त निघाला, आणि जागाही सोळा फूट अधिक.

बहिणीची सही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या समाजातील जुनी घरे विकताना बहुधा भाऊ सह्या करतात, बहिणी करत नाहीत. त्यांचे लग्न झाले, खर्च झाला, आता त्यांचा काय संबंध, असे म्हटले जाते. हे शरीअतला धरून नाही आणि कायद्यालाही नाही. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. लग्नाच्या खर्चात बहिणीचा हिस्सा वळता होत नाही.

हिशेब पाहू. एक गृहस्थ मरण पावले. त्यांचे आईवडील आधीच वारले होते. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. घर सोळा आणे धरले तर पत्नीला दोन आणे, प्रत्येक मुलाला चार आणे आणि प्रत्येक मुलीला दोन आणे येतात. दोन मुलगे मिळून आठ आणे. आई आणि तिन्ही मुली मिळून आठ आणे. म्हणजे दोघा भावांनीच सह्या केल्या, तर घेणाऱ्याला पूर्ण किंमत देऊन अर्धेच घर मिळते. शिवाय घराण्याच्या अविभक्त राहत्या घरात परक्याने हिस्सा घेतला, तर त्याला इतरांबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. पैसे गेले, आणि घरात पायही ठेवता येत नाही.

म्हणून वारसांची यादी स्वतः करावी. बहीण पुण्याला असो वा कुवेतला, तिची सही खरेदीखतावर हवी, किंवा तिने राजीखुशीने केलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. एखादा वारस अज्ञान असेल, तर आई किंवा थोरला भाऊ यांनी न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली विक्री टिकत नाही. विकणाऱ्या बांधवांनाही आमची विनंती आहे की, बहिणीला तिचे पैसे तिच्या हातात द्यावेत. तिचा हक्क दाबून विकलेल्या घराचा पैसा बरकत आणत नाही.

पैसा कोठून?

व्याजाचे कर्ज टाळू इच्छिणाऱ्यांपुढे वाटा थोड्या आहेत. व्याजमुक्त बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०१७ साली माहिती अधिकारातील उत्तरात कळवला होता. तेव्हा बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते देण्याचा करार करावा, किंवा आधी प्लॉट आणि काही वर्षांनी बांधकाम असे दोन टप्पे करावेत. हप्त्यांची एकूण किंमत सुरुवातीलाच ठरलेली असावी. उशीर झाला म्हणून ती वाढत जाणार असेल तर आलिमांचा सल्ला घ्यावा. भावाभावांनी मिळून घर घेतले तर कोणाचे किती पैसे, हे लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करण्याची आज्ञा सूरह बकरहमध्ये आहे. भावांतही ती लागू आहे.

ठरलेल्या किंमतीखेरीज मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दुरुस्ती यांसाठी आठ-दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी. राहते घर स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मात्र ज्याचे नाव तोच मालक, हे समजूनच ते करावे. विकणारा परदेशस्थ असेल, तर किंमत कितीही असो, घेणाऱ्याने आयकर कापून सरकारात भरायचा असतो. न भरल्यास वसुली घेणाऱ्याकडून होते.

थोडक्यात, वस्ती स्वतःच्या पायांनी फिरून पाहावी, कागद वकिलाच्या डोळ्यांनी पाहावेत आणि वारस एकूण एक मोजावेत. हे तिन्ही जुळले म्हणजे मग भावाची बोलणी करावीत. दोन महिने उशीर झाला म्हणून हातातून घर गेले, तर दुसरे मिळेल. घाईत गेलेली वीस वर्षांची कमाई मात्र परत मिळत नाही.