वीस मिनिटांची प्रश्नावली

लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'मर्दाना कमजोरी'चे इलाज वाचत आमची पिढी मोठी झाली. थकवा, उदासी, कामात मन न लागणं ही लक्षणं वाचून, आपल्याला हे सगळंच झालंय अशी सोळाव्या वर्षी माझी खात्री पटली होती. त्या धास्तीचं पुढे कुतूहल झालं आणि कात्रणांची फाईल फुगत गेली.

फाईलच्या तळाशी आहे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार. १८८९ साली पॅरिसमध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं भर सभेत सांगितलं. त्या पाणचट अर्कात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, नावापुरतंच उतरतं. म्हाताऱ्याला गुण आला तो श्रद्धेचा. खरा पदार्थ हाती लागला तो १९३५ साली, ॲमस्टरडॅममध्ये. सुमारे १०० किलो बैलांची वृषणं, आणि हाती आले १० मिलिग्रॅम!

पण माझं लाडकं कात्रण २०१३ सालचं आहे. सेंट लुइस विद्यापीठात वृद्धांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉ. जॉन मॉर्लींकडे ऑर्गॅनॉन या डच औषधकंपनीने पुरुषांमधली टेस्टोस्टेरॉनची कमतरता हुडकणारी प्रश्नावली मागितली होती. लांबलचक नको, थोडी चटकदार हवी. मॉर्लींनी ती बाथरूममध्ये बसून वीस मिनिटांत टॉयलेट पेपरवर खरडली आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडून टाइप करून घेतली. हे त्यांनीच न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, वर प्रश्नावली भिकार असल्याची कबुलीही दिली. असा प्रांजळ माणूस विरळाच.

प्रश्न दहा. कामेच्छा कमी झाली का, ताठरता कमी झाली का, हे ठीकच. पण उंची घटली का? चिडचिड होते का? रात्री जेवल्यावर डुलकी लागते का? (मटणाच्या रविवारी आमची अख्खी चाळ नापास झाली असती.) ताठरतेला किंवा कामेच्छेला 'हो', नाहीतर उरलेल्यांपैकी कुठल्याही तिनांना 'हो' म्हटलं की तुम्ही संशयित. कॅनडातल्या ४० ते ६२ वयाच्या ३१६ डॉक्टरांवर ती तपासली, तेव्हा टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असलेले ८८ टक्के सापडले. पण ज्यांचं व्यवस्थित होतं त्यांच्यातलेही ४० टक्के जाळ्यात आले. औषध विकणाऱ्याला आणखी काय हवं?

युरोपात ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली. २०१० साली निष्कर्ष आले. पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा मंदावणं आणि संभोगात ताठरता न टिकणं ही तिन्ही लक्षणं आणि जोडीला रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनची घट, असं सगळं जुळलेले निघाले २.१ टक्के. थकवा आणि उदासीला तर शंभर कारणं असतात.

मीही ती प्रश्नावली भरली. चार 'हो'. मग संध्याकाळी सहाला, पोटात दोन वडापाव असताना, एका लॅबच्या 'पॅकेज'मध्ये रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉनचा आकडा आला २८०, शेजारी लाल बाण. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, खाल्लं की उतरतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यायचं. दोन्ही आकडे ३००च्या खाली आणि जोडीला लक्षणं, तरच पुढे जायचं. पुढची पायरी एलएच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या संप्रेरकातून वृषणांना हुकूम सोडते. एलएच चढलेलं असेल तर दोष वृषणांत: जन्मजात क्लाइनफेल्टर सिंड्रोम, गालगुंडानंतरची सूज, केमोथेरपी. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वर जात नसेल तर हुकूमच सुटत नाही: पिट्युटरीची गाठ, अफूच्या जातीची वेदनाशामकं, सुटलेलं पोट, किंवा जिममध्ये टोचलेली स्टिरॉइड्स. हे शेवटचं मला खटकतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एलएच दबतं आणि शुक्राणू बनणं थंडावतं. मूल हवं असलेला तरुण 'ताकदी'साठी इंजेक्शन घेतो आणि नेमकं तेच गमावून बसतो. हे भिंतीवर कुणी रंगवत नाही.

माझे सकाळचे आकडे आले ४१० आणि ४२५. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "रात्री घोरता का हो?"

उत्तर बायकोने दिलं.